वाचून दाखविणे आणि वाचावयास शिकविणे



गावात ज्यास अक्षरे येतात त्याच्या दारी लोक कागद घेऊन येतात. कोणाचा सातबारा, कोणाची बँकेची नोटीस, तर कोणाची दवाखान्याची चिठ्ठी. तो वाचून दाखवितो आणि लोक आशीर्वाद देऊन जातात. हे परोपकाराचे काम खरेच. परंतु एवढ्याने आपले कर्तव्य पुरे होते काय, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

ज्यास आपला कागद दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो, त्यास त्या दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. वाचणारा अप्रामाणिक असला तर जमीन हातची जाते. अंगठा उमटल्यावर रडून काय उपयोग? तो प्रामाणिक असला तरी घरची गोष्ट परक्याच्या कानी जातेच. म्हणून आम्हांस असे वाटते की, वाचून दाखविणे ही दया होय, पण वाचावयास शिकविणे हा न्याय होय. एकाच माणसाचे कागद आपण वर्षानुवर्षे वाचीत राहिलो आणि त्यास एक अक्षरही दिले नाही, तर त्या दयेत आपल्या मोठेपणाची गोडी मिसळली नाही ना, हे ज्याने त्याने तपासावे.

यावर कोणी म्हणतील, "मुलांसाठी शाळा आहेत, पिकल्या पानाला आता अक्षर कशाला?" परंतु म्हाताऱ्यास भाकर वाढताना त्याची किती वर्षे उरली हे आपण मोजीत नाही, मग अक्षर देतानाच का मोजावे? जोतीराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, ती वयात आलेल्या माणसांसाठीच. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा उघडली. तेथे साठी ओलांडलेल्या आजीबाई पाटी-दप्तर घेऊन बसल्या. ज्या हातांना आजवर अंगठाच ठाऊक होता, ते हात आपले नाव लिहू लागले.

उणीव किती आहे तेही पाहावे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सात वर्षांवरील शंभर पुरुषांत सुमारे ८८ साक्षर आढळले, तर शंभर स्त्रियांत सुमारे ७६. आणि जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे साक्षर तोच, ज्यास समजून वाचता व लिहिता येते. नुसती सही गिरविणारा त्यात येत नाही.

मिळालेले अक्षर टिकविणे हेही तितकेच अगत्याचे आहे. सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि गावेच्या गावे शिकावयास बसली. परंतु ज्यांस पुढे वाचनाचा सराव राहिला नाही त्यांचे अक्षर पुसट झाले. न चालविलेल्या विळ्यास गंज चढतो, तसेच हे होय.

याकरिता प्रत्येक वयाची सोय निराळी हवी. लहान मुलाच्या कानी रोज घरात काही वाचलेले पडावे. तरुणास मजुरीचा हिशेब, बाजारभाव व एस.टी.ची पाटी यांतून अक्षर द्यावे. वृद्धास ठसठशीत अक्षर, भरपूर उजेड व डोळ्यांस चष्मा द्यावा, आणि कोणी हसू नये. नव्याने शिकलेल्यास रोज एक पान वाचावयास लावावे. केंद्र सरकारने २०२२ साली पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम आरंभिला. त्याची सारी भिस्त स्वयंसेवकांवर ठेविली आहे. स्वयंसेवक म्हणजे तरी कोण? ज्यास वाचता येते तो प्रत्येक जण.

तेव्हा यापुढे कोणी कागद घेऊन दारी आला, तर तो अवश्य वाचून दाखवावा. मग त्याच कागदावर त्याचे नाव कोठे आहे तेथे त्याचे बोट ठेवावे, आणि पहिले अक्षर त्याच्याकडून म्हणवून घ्यावे. दुसऱ्या खेपेस दुसरे. असे करता करता एके दिवशी तो आपल्या दारी कागद घेऊन येणार नाही. त्या दिवशी आपली सेवा खरोखर फळास आली, असे समजावे.