आपला विश्वास दुसऱ्याला सांगणे योग्य आहे का?



तुमच्या वर्गातल्या, कामाच्या ठिकाणच्या किंवा शेजारच्या एखाद्या जवळच्या माणसाचे नाव मनात आणा. तो तुमच्याशी नोकरी, कर्ज, घरातले आजारपण, बहिणीच्या लग्नाची बोलणी असे सगळे बोलतो. तुम्हीही त्याच्यापासून फारसे काही लपवत नाही. पण तुम्ही रोज प्रार्थना का करता आणि येशू ख्रिस्ताने तुमच्यासाठी काय केले, हे तुम्ही त्याला कधी सांगितले आहे का?

आपल्यापैकी पुष्कळांचे प्रामाणिक उत्तर "नाही" असे असेल. याचे एक कारण भीती हे आहे. लोक हसतील, मैत्री तुटेल, उगाच वाद होईल असे वाटते. दुसरे कारण अधिक खोल आहे. आपले मनच विचारते, "दुसऱ्याच्या श्रद्धेत मी का लुडबुड करावी? त्याचा धर्म त्याला, माझा मला." भीतीसाठी आपण देवाकडे धैर्य मागू शकतो. पण हा प्रश्न नीतीचा आहे आणि त्यावर विचार करूनच उत्तर द्यायला हवे.

गप्प राहणे म्हणजे नेहमीच आदर का?

समजा, तुमच्या घरी मोठे दुःख आले. तुम्ही खचलात, रडलात, पण प्रभूने तुम्हाला सावरले. मित्राने विचारले, "एवढ्या सगळ्यातून तू उभा कसा राहिलास?" तुम्ही म्हणालात, "राहिलो कसातरी." हे उत्तर विनयाचे वाटते, पण खरे नाही. तुम्हाला कशाने तारले हे ठाऊक असूनही तुम्ही ते त्याच्यापासून दूर ठेवले. उद्या त्याच्यावर तशीच वेळ आली, तर त्याला ते कुठून कळणार?

त्याला सांगितले म्हणून त्याचा अपमान होत नाही. तो विचार करू शकतो, प्रश्न विचारू शकतो, नकार देऊ शकतो, असे मानूनच आपण त्याच्याशी बोलतो. "त्याला हे झेपणार नाही" असे आपणच परस्पर ठरवतो, तेव्हा मात्र आपण त्याला कमी लेखतो.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात ख्रिस्ती लोक २.३ टक्के आहेत आणि महाराष्ट्रात सुमारे एक टक्का. म्हणजे तुमच्या मित्राच्या ओळखीत कदाचित तुम्ही एकटेच ख्रिस्ती असाल. येशूविषयी त्याने जे ऐकले असेल ते चित्रपटातून, मोबाइलवरच्या संदेशातून किंवा नाताळच्या सजावटीतून. जवळच्या माणसाच्या तोंडून त्याने ते कधीच ऐकलेले नसेल.

साक्षीदाराचे काम किती?

आपल्या मंडळ्यांमध्ये "साक्ष" हा शब्द इतका रुळला आहे की तो मुळात न्यायालयातला आहे हे आपण विसरतो. साक्षीदाराने जे पाहिले, जे त्याच्याबाबतीत घडले, तेवढेच सांगायचे असते. खटला जिंकणे हे वकिलाचे काम आणि निकाल न्यायाधीशाचा. आपण सुवार्ता सांगताना घाबरतो ते बहुधा ही तिन्ही कामे आपल्याच डोक्यावर घेतो म्हणून.

योहानाच्या ९ व्या अध्यायातला जन्मांध मनुष्य आठवा. शिकलेल्या लोकांनी त्याला येशूविषयी उलटसुलट प्रश्न विचारले. सगळ्यांची उत्तरे त्याच्याकडे नव्हती आणि तसे त्याने कबूलही केले. पण आपण पूर्वी आंधळे होतो आणि आता आपल्याला दिसते, एवढ्यावरून मात्र तो हलला नाही. शोमरोनी स्त्रीने (योहान ४) गावात जाऊन प्रवचन दिले नाही. आपल्याबाबतीत काय घडले ते तिने सांगितले आणि लोकांना स्वतः येऊन पाहायला बोलावले. पुढे ते लोक स्वतः ऐकून विश्वासात आले. अंद्रियाचे तर एकही प्रवचन पवित्र शास्त्रात नाही. पण आपला भाऊ शिमोन पेत्र याला येशूकडे कोणी आणले? त्यानेच.

मन पालटणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे. हे एकदा समजले की खांद्यावरचे ओझे उतरते. आपल्याला कोणाला पटवायचे नसते, खरे तेवढे सांगायचे असते.

ज्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत

स्तेफनाच्या मृत्यूनंतर यरुशलेमेत छळ सुरू झाला, तेव्हा प्रेषित तिथेच राहिले आणि बाकीचे विश्वासणारे पांगले. जिथे गेले तिथे त्यांनी वचन सांगितले (प्रेषितांची कृत्ये ८). कुप्र व कुरेने इथल्या काही जणांनी अंत्युखियात ग्रीक लोकांना सुवार्ता सांगितली आणि तिथे मोठी मंडळी उभी राहिली (अध्याय ११). पौलाला दूरच्या प्रवासांवर पाठवणारी मंडळी हीच. ती ज्यांच्या बोलण्यातून सुरू झाली, त्यांतल्या एकाचेही नाव लूकने लिहिलेले नाही.

असाच एक फारसा न आठवला जाणारा माणूस आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातही आहे. १८९३ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक रेल्वेने प्रवास करत होते. डब्यातल्या एका परदेशी प्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि वाचण्याची विनंती केली. टिळक वाचत गेले. मत्तयातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि ते त्यांना सोडवेना. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आज आपल्या उपासनेत टिळकांची गीते नसतील अशी मराठी मंडळी विरळाच. पण तो प्रवासी किती जणांना आठवतो?

या कथेचा दुसरा भागही महत्त्वाचा आहे. टिळकांच्या बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे पती-पत्नी वेगळे राहिले. त्या परत आल्या त्या आपली श्रद्धा आणि सोवळे-ओवळे घेऊनच. टिळकांनी त्यांच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. हळूहळू, स्वतःच्या मनाने विचार करत, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पूर्ण केले. ज्या घरात वाट पाहिली गेली, त्या घरात विश्वास असा रुजला.

सांगण्याची मर्यादा

आता त्या नैतिक प्रश्नाची दुसरी बाजू. सांगणे योग्य असले तरी कसेही सांगणे योग्य नाही. आपल्या राज्यघटनेचे २५ वे कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. १९७७ मध्ये रेव्ह. स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. बळजबरी, आमिष आणि फसवणूक यांविरुद्ध अनेक राज्यांत कायदे आहेत.

पण आपली मर्यादा कायद्याच्याही आधी प्रभूने घातली आहे. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा येशूने त्याच्यावर प्रीती केली होती, तरी त्याला अडवले नाही (मार्क १०). पेत्रानेही विश्वासणाऱ्यांना आशेचे कारण सांगायला तयार राहायला शिकवले ते सौम्यतेने आणि आदराने (१ पेत्र ३). तो ज्यांना लिहीत होता, तेही आपल्यासारखेच संख्येने थोडे होते आणि लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत होते.

म्हणून स्वतःला दोन प्रश्न विचारा. एक, हा मित्र "नाही" म्हणाला तरी माझी मैत्री तशीच राहील का? दोन, त्याने आपल्या श्रद्धेविषयी सांगितले तर मी तितक्याच मनापासून ऐकेन का? दोन्हींचे उत्तर "हो" असेल, तर निःशंकपणे बोला. नसेल, तर आधी आपल्या प्रीतीसाठी प्रार्थना करा. मदतीच्या बदल्यात विश्वास मागू नका. भुकेल्याला जेवण द्यायचे ते त्याला भूक लागली आहे म्हणून.

सुरुवात कशी कराल?

१. तीन व्यक्तींची नावे लिहा आणि रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करा.

२. आपली साक्ष तीन मिनिटांत सांगता येईल अशी तयार करा: पूर्वी मी कसा होतो किंवा कशी होते, येशूची ओळख कशी झाली, आता काय बदलले. अजून जे बदललेले नाही, तेही लपवू नका.

३. "तारण", "नवा जन्म", "अभिषेक" हे शब्द आपल्या सवयीचे आहेत. मित्राला ते कळतीलच असे नाही. घरात बोलता तसे बोला.

४. आधी ऐका. कोणाच्याही दैवतावर, सणावर किंवा रीतीवर टीका करू नका.

५. उत्तर ठाऊक नसेल तर "मला माहीत नाही, विचारून सांगतो" असे म्हणा.

६. त्याला हवे असेल तरच शुभवर्तमानाची प्रत द्या. पुढचा विषय त्यालाच काढू द्या.

वाचक मित्रा, वाचक भगिनी, सुरुवातीला मनात आणलेले नाव अजून आठवते ना? आज त्या व्यक्तीसाठी आमच्याबरोबर ही प्रार्थना करा:

"हे प्रभू येशू, तू मला शोधलेस, म्हणून तुझे आभार. माझ्या या मित्रावर तू माझ्याहून अधिक प्रीती करतोस. मला त्याचे ऐकण्याची सहनशीलता दे, योग्य वेळी बोलण्याचे धैर्य दे आणि पुढचे तुझ्या हाती सोपवण्याचा विश्वास दे. आमेन."