चार मुठी पोहे कुणाचे होते?



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय 80.

सुदाम्याची गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. सुदाम्याने देवाकडे काहीच मागितलं नाही, हेही आपण दर कीर्तनात ऐकतो. खरंच आहे ते. पण आज मूळ अध्याय वाचताना जरा एका ठिकाणी थांबा. मित्राला भेट न्यायला घरात काहीच नव्हतं. तेव्हा त्याच्या पत्नीने शेजारपाजाऱ्यांकडून चार मुठी पोहे मागून आणले आणि फडक्यात बांधून नवऱ्याच्या हाती दिले. भागवतात तिचं नावसुद्धा येत नाही. सुशीला म्हणून ती आपल्याला कथा-कीर्तनांतून माहीत आहे. म्हणजे देवाने ज्या पुरचुंडीवर झडप घातली, ते पोहे मागून आणलेले होते!

हे आजच का सांगतोय? आपल्या एका ताईंनी विचारलंय, "यजमानांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, दर वेळी चार तास. माझी किडनी जुळते, मी द्यायला तयार आहे. पण ऑपरेशनला पैसे नाहीत. मदतीचा मेसेज चार वेळा लिहिला आणि पुसला. देवापुढे हात जोडते हो, पण माणसांपुढे कसा पसरू?"

ताई, सुशीलेने पसरला होता. तिला लाज वाटली नसेल असं नाही. पण घरातल्या माणसांचे हाल तिला लाजेपेक्षा मोठे वाटले. तुम्ही तर स्वतःच्या शरीराचा भाग द्यायला निघाला आहात. जी एवढं देते, तिच्या मागण्याला भीक कोण म्हणेल?

फक्त मागताना क्रम लावा. जे हक्काचं आहे ते आधी. हॉस्पिटलमधल्या समाजसेवकांना भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, कुठल्या हॉस्पिटलात बसतं, ते विचारा. धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथे चौकशी करा. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधी, दोन्हीकडे अर्ज करता येतो. खर्चाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड एका फाइलमध्ये तयार ठेवा. मग उरलेला आकडा लोकांपुढे मांडा, खरा आणि पूर्ण. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून पुढे आयुष्यभर औषधं घ्यावी लागतात, तो खर्चही त्यात धरा.

आता बाकीच्यांनो, आपल्याकडे वळूया. असा मेसेज ग्रुपवर येतो तेव्हा आपण काय करतो? हात जोडलेली खूण टाकतो, "प्रार्थना करतो" लिहितो आणि पुढे सरकतो. प्रार्थना हवीच. पण गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितलेत, ते आज आरशासारखे समोर धरा.

जो परतफेड करू शकणार नाही त्याला, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, कर्तव्य म्हणून दिलेलं दान सात्त्विक. डायलिसिसवरच्या माणसासाठी "योग्य वेळ" म्हणजे आत्ता, दिवाळीच्या बोनसनंतर नाही. "योग्य ठिकाण" म्हणजे शक्य असेल तर थेट हॉस्पिटलचं खातं. चौकशी करूनच द्या, त्यात वावगं काही नाही. मनातून कुरकुरत, किंवा स्टेटसला स्क्रीनशॉट लावून वाहवा मिळवण्यासाठी दिलं, तर ते राजस. आणि "काय खात-पीत होता हो?", "मागच्या जन्मीचे भोग असतात" असं ऐकवून दिलं, तर ते तामस. कारण अपमान करून दिलेल्या दानाला भगवंतांनी तामसच म्हटलंय, रक्कम कितीही मोठी असो.

कृष्णाने सुदाम्याला काही देण्याआधी काय केलं, आठवा. धावत जाऊन मिठी मारली, पलंगावर बसवलं, स्वतःच्या हाताने पाय धुतले. आधी मान, मग दान.

आणि त्या शेजाऱ्यांचं काय? मूठभर पोहे देताना ते द्वारकेत कुणाच्या मुखी जाणार, याची त्यांना कल्पनाही नसेल. आपली पाचशे रुपयांची मूठही तशीच. आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत, ते डायलिसिसच्या चार तासांत त्या ताईंसोबत बाहेरच्या बाकावर बसू शकतात. तेही दानच.

आजचा संकल्प : आपल्या ओळखीत कुणी डायलिसिसवर असेल, तर त्यांनी मागायची वाट न पाहता आजच एक फोन करायचा.

आणि ताई, पाचव्यांदा लिहिलेला मेसेज पुसू नका. पाठवा.

राम कृष्ण हरी.