शरीर ऐकत असतं



पहाटे कुठेतरी दार धाडकन आपटतं. आपण दचकतो. छातीत धडधडतं. मग कळतं, वाराच होता. आपण कूस बदलतो. पण धडधड लगेच थांबत नाही. मनाला पटतं, शरीर मात्र ऐकत असतं.

आता युक्रेनमधलं खारकीव्ह शहर डोळ्यांसमोर आणा. रशियाची सीमा तिथून इतकी जवळ, की कधीकधी हल्ल्याचा इशारा देणाऱ्या भोंग्याच्या आधीच स्फोट होतो. २०२२ मध्ये रशियाचे हल्ले सुरू झाले, तेव्हा तिथली कित्येक कुटुंबं मेट्रोच्या स्थानकांत राहायला गेली. उभ्या डब्यांत अंथरुणं पडली. पुढे तिथेच, जमिनीखाली, मुलांची शाळा भरू लागली. वर आकाश शांत असलं, तरी शरीर ऐकत असतं. झोप तुटते. रक्तदाब चढतो. अन्न अंगी लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते. त्या दिवसांत पोटातला अल्सर फुटलेले रुग्ण वाढल्याचं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं आहे. बॉम्ब दूर कुठेतरी पडायचा. घाव पोटात व्हायचा.

अशा माणसांना आपण सहज म्हणतो, 'धीर धरा.' मला हे शब्द जरा स्वस्तच वाटतात. धीर त्यांच्यापाशी आहेच. नाही तो विसावा.

आपल्याही ओळखीत कुणी मोठ्या भीतीतून आलेलं असेल. त्यांना खोदून काही विचारू नका. जेवलात का, झोप लागली का, एवढंच विचारा. जवळ बसा. आवाज हळू ठेवा. आणि निघताना दार अलगद ओढून घ्या.