सपिंडांचे देणे

कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास राहून विज्ञानेश्वराने मिताक्षरा रचली. तीत 'सपिंड' शब्दाचा जो अर्थ त्याने लावला तो पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. बंगालच्या जीमूतवाहनाच्या मते पिंड म्हणजे श्राद्धात द्यावयाचा भाताचा पिंड. विज्ञानेश्वराच्या मते पिंड म्हणजे देह. एकाच देहाचे अंश ज्यांच्यात उतरले ते सपिंड. आणि देह म्हटला की माता आलीच. म्हणून सापिंड्य पित्याकडून सात पिढ्या मोजले, तसे मातेकडूनही पाच पिढ्या मोजले. वकिलीच्या परीक्षेपुरते आम्ही हे पाठ केले होते. अलीकडच्या वैद्यकाने एक नैतिक अडचण पुढे उभी केली आहे, तिचा विचार करू लागलो की ही जुनी व्याख्या पुन्हा पुन्हा आठवते.

अडचण प्रोस्टेटच्या कर्करोगाची आहे. मूत्राशयाखालची ही अक्रोडाएवढी ग्रंथी. तिचे दुखणे म्हातारपणाचे म्हणून आपण हसण्यावारी नेतो, नाहीतर संकोचाने त्याचे नावच घेत नाही. वय हे या रोगाचे मोठे कारण खरेच. परंतु वंश हेही लहान कारण नव्हे. स्वीडन, डेन्मार्क व फिनलंड या देशांतील जुळ्यांच्या ४४,७८८ जोड्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. या रोगाच्या संभवात माणसामाणसांत जो फरक आढळतो, त्यापैकी शेकडा ४२ भाग आनुवंशिक असावा, असा अंदाज त्यात निघाला. ज्याच्या पित्यास वा सख्ख्या भावास हा रोग झाला, त्यास तो होण्याचा संभव इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. बहुतेक कुळांत हा वारसा अनेक सूक्ष्म फरकांत विखुरलेला असतो. काही थोड्या कुळांत मात्र तो एकाच जनुकाच्या दोषात एकवटतो. बीआरसीए-२ हे त्यांतले प्रमुख जनुक. १९९५ साली ते हाती लागले ते स्तनाच्या कर्करोगाचा शोध घेताना. पुढे कळले की, हा दोष असलेल्या पुरुषास प्रोस्टेटचा कर्करोग लवकर आणि अधिक जहाल रूपात होण्याचा संभव असतो. आणि त्याच्या प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, तो दोष जाण्याचा संभव निम्मा असतो.

आमच्या देवस्थानांच्या महाजनांची नोंद पुरुषपरंपरेने चालत आली. लग्न होऊन गेलेली मुलगी त्या वंशावळीतून दिसेनाशी होते. जनुक ती वही पाहत नाही. आजोबांचा दोष आत्येच्या द्वारे आतेभावाकडे जातो. त्याचे आडनाव वेगळे, कुलदैवत वेगळे. पित्याच्या प्रोस्टेटची वार्ता ही कन्येला तिच्या स्तनांविषयी व बीजांडकोशांविषयी पूर्वसूचना असू शकते. महाजनांच्या वहीपेक्षा विज्ञानेश्वर सत्याच्या अधिक जवळ होता, असे म्हणावयास हरकत नाही.

आता प्रश्न असा. देवळात प्रसाद लावणारा आपल्या प्रश्नाचे उत्तर घेऊन घरी जातो. ते त्याचे त्याच्यापाशी. रक्ताच्या या तपासणीत मात्र प्रश्न एकाने विचारावा आणि उत्तर न विचारणाऱ्या भावंडांविषयीही मिळावे, असे घडते. ते त्याने स्वतःपाशी ठेवावे काय?

ठेवू पाहणाऱ्याची बाजू पोकळ नाही. घरात लग्नाच्या मुली असतात. 'त्या घराण्यात कर्करोग आहे' हे वाक्य किती लांब जाते हे आपण जाणतो. त्यातून पूर्वजांच्या पापाची कुजबुज सुरू करणारे कोणीतरी भेटतेच, जणू पापाला विशिष्ट जनुकातच बसावयाचे असते! याहून वजनदार आक्षेप असा की, भावाला न जाणण्याचाही अधिकार आहे. पीएसए या रक्ततपासणीचा मागोवा घेत गेल्यास, जन्मभर त्रास न देती अशी मंद गाठही सापडते. आणि तिच्या उपचारांतून मूत्रावरचा ताबा वा पौरुष जाऊ शकते. ज्ञान देणे म्हणजे केवळ उपकार करणे नव्हे.

कायद्याकडे पाहावे तर तो रुग्णाच्या दारापर्यंत येऊन घुटमळतो. आनुवंशिक थायरॉइड-कर्करोगाच्या एका खटल्यात फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले की, वैद्याने रुग्णाला सावध केले म्हणजे त्याचे कर्तव्य संपले. आतड्याच्या आनुवंशिक कर्करोगाच्या खटल्यात न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने १९९६ साली वैद्याचे कर्तव्य रुग्णाच्या मुलांपर्यंतही पोचू शकेल, असे मानले. मला फ्लोरिडाचा निर्णय अधिक विचार करावयास लावतो. रुग्ण आपल्या माणसांना सांगेल, हे त्याने गृहीत धरले आहे. न सांगितले तर काय, यावर तेथे उत्तर नाही. वैद्य सुटतो, ओझे रुग्णाच्या खांद्यावर येते.

पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, हा आपला जुना नियम. २००५ च्या दुरुस्तीनंतर त्या धार्मिक कर्तव्याच्या आधारे नव्या कर्जासाठी पुत्रावर दावा चालत नाही (गोमंतकाचा नागरी कायदा निराळा, हे येथील वाचक जाणतातच). पण वाटणीला बसताना जमिनी तेवढ्या मांडून कर्जे दडविणाऱ्या कर्त्याला अजूनही कोणी सज्जन म्हणत नाही. हा दोष त्याने केलेला नाही. समाईक गाठोड्यातून तो त्याच्याकडे आला, तसाच भावाकडेही आला असेल. जे समाईक आहे त्याचे खाते एकट्याने मिटून ठेवणे मला न्याय्य वाटत नाही. शिवाय ज्याला माहीतच नाही त्याचे 'न जाणणे' ही निवड नव्हे. निवडीसाठी प्रश्न आहे एवढे तरी त्याच्या कानी पडले पाहिजे.

सांगण्याला मर्यादा आहेत. संभव म्हणजे दोषसिद्धी नव्हे. दोष असलेल्या सर्वांस रोग होतो असे नाही, हे त्याच दमात सांगावे. हा रोग प्रौढपणीचा, म्हणून अज्ञान मुलांची तपासणी करण्याची घाई नको. ती सज्ञान झाल्यावर त्यांनी ठरवावे. भावाने तपासून घ्यावे असा हट्टही धरू नये. मात्र दोष असलेल्या पुरुषांनी चाळिशीपासून पीएसए पाहत जावे, असे अनेक मार्गदर्शिका सांगतात. म्हणजे जो भाऊ आज अडतीस वर्षांचा आहे, त्याच्या बाबतीत 'सवडीने सांगू' याचा अर्थ फार निराळा होतो.

पत्र चार ओळींचे पुरे. मला हा रोग झाला. तपासणीत अमुक दोष निघाला. तो तुमच्याकडे असेल वा नसेल. अधिक जाणावेसे वाटले तर अहवाल माझ्यापाशी आहे. भावांना हे मुखानेही सांगता येते, चतुर्थीला सारी घरी जमतातच. पत्र लिहावयाचे ते दिल्या घरच्या बहिणीला आणि आत्येच्या मुलांना, कारण त्यांना सांगावयाचे कोणाच्या सहसा ध्यानात येत नाही.