ताट पाठवलं, पाट मांडला नाही

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो. १८६३ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार देशभर आभाराचा दिवस म्हणून जाहीर केला. पुढे १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार ठरला. वार मात्र आपल्या गुरूंचाच राहिला!

त्या दिवशी तिकडे सगळी मुलं घरी जातात, जशी आपली दिवाळीला येतात. पण ज्यांचं घर सातासमुद्रापार, त्यांनी काय करायचं?

आपल्या एका गुरुभगिनीची लेक ओहायोत शिकते. पहिल्या वर्षी रूममेट घरी गेली, मेस बंद, दुकानं बंद, बाहेर थंडी. तिकडे संध्याकाळ म्हणजे इकडे शुक्रवारची पहाट. आईने काकड आरतीआधी फोन लावला, तर म्हणाली, "मजेत आहे गं." रिकाम्या होस्टेलात एकटीने मॅगी खाल्ली, हे तिने वर्षभर सांगितलंच नाही.

पुढच्या वर्षी कॉलेजच्या ओळखीतून एका आजींनी तिला जेवायला बोलावलं. तिकडे बऱ्याच कॉलेजांच्या गावी अशी घरं असतात. टेबलावर टर्की होती, पण ही शाकाहारी म्हणून आजींनी बटाटे आणि घेवड्याच्या शेंगा वेगळ्या भांड्यात केल्या होत्या. जेवणाआधी प्रत्येकाने आपण कशासाठी आभारी आहोत ते सांगायचं. हिची पाळी आली आणि हिला बोलताच येईना. शेवटी एवढंच म्हणाली, "या खुर्चीसाठी."

सत्संगात गुरुभगिनीने हे सांगितलं आणि सगळ्यांचे डोळे भरून आले. आमचे मात्र जरा वेगळ्या कारणाने.

आमच्या बडोद्यातल्या घरी वरच्या खोलीत बिहारचा एक मुलगा भाड्याने राहतो, इंजिनिअरिंगला आहे. गेल्या दिवाळीत तिकिट न मिळाल्यामुळे तो इथेच होता. आम्ही लक्ष्मीपूजनाला फराळाचं ताट भरून वर पाठवलं आणि कर्तव्य झालं असं समजलो. खाली आम्ही दहा जण हसत-खिदळत जेवत होतो. त्याला ते सगळं ऐकू येत असणार. त्याच्या आईलाही तो "मजेत आहे" असंच म्हणाला असेल.

ताट पाठवलं, पण पाट मांडला नाही. अन्न दिलं, आपलेपण दिलं नाही. सद्गुरू आपल्याला दारातून प्रसाद देऊन परत पाठवत नाहीत, जवळ बसवून घेतात. मग आपण त्यांची लेकरं म्हणवतो ती कशाच्या जोरावर?

कृतज्ञता नुसती तोंडाने म्हणायची नसते. आपल्या लेकराला परक्या देशात कुणी खुर्ची दिली, तर ते ऋण आपल्याच जिन्यावर फेडायचं.

येत्या गुरुवारी आरतीनंतर आमच्याकडे तो मुलगा पंगतीत बसणार आहे. तुमच्या आळीत, वाड्यात, सोसायटीत असं कोण आहे? एकदा वर जाऊन विचारा तरी.

॥ शुभं भवतु ॥