किती खोल

कुर्ला पश्चिमेला सीएसटी रोडने कालिन्याकडे निघालं की दुतर्फा जुन्या गाड्यांचे दरवाजे, काचा, सायलेन्सर, बंपर यांचे ढीग लागतात. त्यातल्याच एका आतल्या गल्लीत वस्तादाचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे दोन गाड्या मावतील एवढी पत्र्याची शेड आणि मागे प्लास्टिकचा पडदा सोडून केलेली रंगाची खोली. गल्ली त्याला वस्ताद म्हणायची. हाताखालचा भाचा तेवढा मामा म्हणायचा.

वस्ताद मूळचा प्रीमियरचा. एलबीएस मार्गावरच्या त्या कारखान्यात 1964 पासून फिअॅट 1100 डिलाइट बनू लागली आणि 1970च्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी ती हीच. वस्ताद तिथे पेंट शॉपमध्ये होता. तेव्हाचे साधे रंग स्वतःच चमकायचे, वर दुसरं काही मारावं लागत नसे. पुढे कारखाना थांबला, त्या जमिनीवर टॉवर चढले आणि वस्तादाला या वयात नवी विद्या शिकावी लागली. आधी बेस कोट, म्हणजे नुसता रंग, सुकला की अगदी मरगळलेला दिसणारा. मग त्यावर हार्डनर घातलेला पारदर्शक क्लिअर. गाडीची सगळी श्रीमंती या वरच्या थरात असते आणि त्याची जाडी असते साधारण 50 मायक्रॉन, माणसाच्या केसाहूनही कमी. एवढ्याशा जागेत मावणारी चूक निस्तरायला कधी कधी आठवडा जातो.

गोष्ट 2023च्या गणपतीतली. नेहरूनगरच्या एका शाळेतल्या सरांनी जुनी मोटार घेतली होती आणि ती मरून मेटॅलिक रंगात नवी करून हवी होती. गणपती 19 सप्टेंबरला, सर राजापूरकडचे, त्यामुळे रविवारी 17 तारखेला पहाटे निघायचंच होतं. पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीने गावी जायचं, तर गावात लोक आधी बॉनेट बघणार आणि मग माणसं, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. नेमका तेव्हाच वस्ताद एका नातेवाइकाच्या दहाव्याला जुन्नरला गेला. जाताना एवढंच म्हणाला, “क्लिअर मी आल्यावर मारू.”

भाच्याच्या हातात गन चांगली बसली होती आणि हे त्यालाही कळत होतं. बाहेर पाऊस, सरांचे दिवसातून दोन फोन, मामाचा पत्ता नाही. त्याने क्लिअर कालवला आणि मारला. पहिल्या हातानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं, आतला थिनर उडून जायला. दमट हवेत आणखी जास्त. मास्किंग टेपवर बोट टेकवून बघायचं, तार निघाली तर अजून वेळ आहे. भाच्याने बोट टेकवलं नाही. एकावर एक तीन हात दिले आणि लवकर सुकावं म्हणून हॅलोजन बॉनेटच्या पार जवळ आणून लावले. (तोंडाला नुसता रुमाल बांधला होता. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडतो, तरी रुमालावर भागवणारी पोरं या धंद्यात पैशाला पासरी आहेत. असो.)

सकाळी पडदा बाजूला केला तर तीन प्रकार दिसले. दरवाजांवर क्लिअर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसला होता. डाव्या मडगार्डवर एक ओघळ होता. आणि बॉनेटभर टाचणीच्या टोकाएवढी बारीक भोकं. वरचा पापुद्रा आधी सुकला, खाली कोंडलेला थिनर उष्णतेने उकळून त्यातून फुटून बाहेर पडला होता.

भाच्याने तिन्हींवर एकच औषध काढलं. पंधराशेचा पाणीपेपर, मग दोन हजारचा, मग कंपाउंड लावून बफ. दरवाजे आरशासारखे झाले. त्याला हुरूप आला. मडगार्डवरचा ओघळ त्याने बोटांनी दाबून घासला. ओघळ गेला, पण कडेला पेपरखालून येणारं पांढरं पाणी एकदम लाल झालं. क्लिअर घासला की पाणी पांढरं निघतं, लाल म्हणजे क्लिअर संपून रंग लागला. तो चरकला, पण हात थांबला नाही. बॉनेट घासावं तशी भोकं बुजण्याऐवजी मोठी होत गेली आणि त्यात पांढरं कंपाउंड जाऊन बसलं. ते ब्रशने काढून त्याने वर मेणाचं पॉलिश चोळलं. शेडच्या अंधारात बॉनेट झकास दिसू लागलं. त्याने फोटो काढला आणि सरांना पाठवला. तयार आहे.

शनिवारी दुपारी वस्ताद आला. त्याने आल्या आल्या टॉर्च बॉनेटला जवळजवळ टेकवून आडवा धरला. वरून पाडलेला उजेड फसवतो, आडवा फसवत नाही.

“काय काय झालंय?”

“तीन चुका आहेत, मामा.”

“किती ते नाही विचारलं. किती खोल आहेत?”

भाच्याला प्रश्नच उमगला नाही. वस्तादाने त्याचा हात धरून दरवाजावर ठेवला. “ही वरची होती. घासलीस, गेली. हे काम बरोबर केलंस.” मग मडगार्ड. “हा उंचवटा होता. ब्लेडने नाहीतर ठोकळ्याने तेवढाच उतरवायचा, बोटाने नाही. कडेला माल मुळात पातळ असतो, तिथे तू रंगापर्यंत गेलास.” मग बॉनेट. “आणि ही चूक तू खाली ठेवून वरून घासत बसलास. जितकं घासशील तितकी तिची तोंडं उघडणार.”

पोराचा चेहरा पडला. पण मार खाल्लेला माणूस लगेच दुसऱ्या टोकाला जातो. “मग सगळी गाडी पत्र्यापर्यंत खरवडतो. रात्रभर बसतो मी.”

“दरवाजांनी काय पाप केलंय?” वस्ताद म्हणाला. “आणि रात्रीत पुन्हा तेच करशील. पाऊस तोच, घाई तीच. आधी सरांना फोन लाव.”

“तुम्हीच बोला ना.”

“तयार आहे म्हणून कोणी सांगितलं?”

फोनवर भाचा पहिलं मिनिटभर क्लिअर, थिनर, हवा असंच काहीबाही बोलत राहिला. वस्ताद समोर बसून बिडी ओढत होता, एक शब्द बोलला नाही. शेवटी पोराने सांगितलं की घाईत माझ्याकडून बिघडलंय, मेण भरून झाकलंय, दोन वेळा गाडी धुतली की दिसायला लागेल.

सर तडक रिक्षाने आले. भडकलेलेच होते. बॉनेटभोवती दोन चकरा मारल्या, चष्मा काढून वाकून पाहिलं. “मला तर काही दिसत नाही,” ते म्हणाले. हा क्षण गॅरेजवाल्याच्या मोठ्या मोहाचा असतो, कारण गिऱ्हाईक स्वतःच माफी देऊन मोकळं होतं. वस्तादाने पाण्यात चार थेंब साबण टाकला, फडका बुडवला आणि बॉनेटचा हातभर तुकडा पुसून मेण उतरवलं. मग टॉर्च सरांच्या हातात दिला.

शेवटी ठरलं ते असं. सरांनी गाडी न्यायची, कारण गणपती काही थांबत नाही. उरलेले पैसे द्यायचे नाहीत. पाऊस ओसरला की गाडी परत आणायची, माल आणि मजुरी वस्तादाची. सर कुरकुरतच गेले. भाचा म्हणाला, “पैसे बुडाले.” वस्ताद म्हणाला, “बघू.”

सर ऑक्टोबरच्या अखेरीस आले. गावात कोणी काही बोललं नव्हतं, फक्त त्यांच्या धाकट्या पुतण्याने विचारलं होतं की काका, गाडीला गोवर आलाय का. हे सांगताना ते हसत होते, पण पुरते नाही.

या खेपेला वस्ताद खुर्ची टाकून नुसता बसला. भाच्याने दरवाजांना हात लावला नाही. बॉनेट सहाशेच्या पेपरने ठोकळा धरून उतरवायला घेतलं, भोकं दिसेनाशी होईतो. दोन ठिकाणी पाणी लाल झालं. तो थांबला, आणि बॉनेट, मडगार्ड दोन्हींवर पुन्हा बेस कोट मारायचा हे आपणहून ठरवलं. मेटॅलिकवर तेवढेच दोन डाग बुजवले तर ते कायमचे डाग राहतात. कम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडलं. काच झाकायला मास्किंगसाठी वस्तादाने हातातला पेपर दिला. त्यात बातमी होती की 30 ऑक्टोबरपासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर दिसणार नाही. शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003ला ताडदेवला नोंदली गेली होती आणि टॅक्सीला मुदत 20 वर्षांची. वस्तादाने ते पान एकदा वाचलं आणि टेपसकट काचेवर चिकटवायला दिलं.

बेस सुकल्यावर भाच्याने क्लिअरचा पहिला हात मारला आणि गन खाली ठेवली. टेपवर बोट टेकवलं, तार निघाली. चहा आला. पुन्हा टेकवलं. सर बाहेरून विचारत होते, अडलंय का काही? दुसरा हात मग दिला गेला, आणि तिसरा दिलाच नाही. हॅलोजन कोपऱ्यातच राहिले.

दोन दिवसांनी सर टॉर्च घेऊनच आले, स्वतःचा, मोठा. बॉनेटवर आडवा धरला, मडगार्डवर धरला, मग मागे गेले आणि ओरडले, “वस्ताद, डिकीवर हा दाणा कसला?”

वस्ताद उठला नाही. भाच्याने जाऊन बोट फिरवलं.

“धूळ बसलीये, सर. वरचीच आहे. पाच मिनिटं बसा,” तो म्हणाला आणि दोन हजारचा पेपर पाण्यात टाकून आला. सरांनी पाकीट काढलं आणि उरलेल्या पैशांतून दाण्याचे किती कापायचे, यावर वस्तादाशी घासाघीस सुरू केली.