गावाची ओढ व आपले कर्तव्य

पोटासाठी परमुलखात राहणाऱ्या मनुष्यास आपल्या बाळपणाच्या गावाची आठवण होते आणि त्याचे चित्त व्याकूळ होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. परंतु ह्या व्याकुळतेस काय म्हणावे, ह्याविषयी लोकांचे एकमत नाही. कोणी म्हणतात, ही मनाची दुर्बळता होय. शहाण्याने ती गिळावी व आपल्या कामास लागावे. आपल्या मंडळ्यांत आणखी एक आक्षेप ऐकू येतो. तो असा की, आपण ह्या जगात परके व प्रवासी आहोत, आपले खरे वतन वर आहे. मग मातीच्या गावासाठी अश्रू ढाळणे विश्वासणाऱ्यास शोभते काय? ह्या प्रश्नाचा आपण थोडा विचार करू.

जालन्यात राहणाऱ्यास हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना व दुसऱ्या तीरावर नवा जालना, ज्यास कादराबाद असेही म्हणत, असे हे जोडगाव आहे. येथील व्यापाराची भरभराट पाहून जुन्या लोकांनी ‘जालना, सोने का पालना’ अशी म्हण केली. पाळणा म्हटला म्हणजे त्यात दुसऱ्या ठिकाणचे लेकरूही निजावयाचेच. आज येथील लोखंडी सळया करणाऱ्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश इत्यादी प्रांतांतील शेकडो तरुण भट्टीपुढे घाम गाळतात. आणि ह्याच जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा ह्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन उसाच्या तोडणीस पश्चिमेकडे जातात व कारखान्याच्या आसपास कोप्या घालून पाच-सहा महिने काढतात. म्हणजे एकाच जिल्ह्यात, दुसऱ्यांची मुले येथे गावासाठी झुरतात आणि आपली मुले दुसरीकडे गावासाठी झुरतात.

प्रथम हे पाहू की, ही ओढ पाप आहे काय. पवित्र शास्त्रात याकोबाची गोष्ट आहे. तो भावाच्या भयाने घर सोडून पळाला आणि वीस वर्षे मामाच्या घरी राबला. तेथे त्यास बायका मिळाल्या, लेकरे झाली, कळप वाढले. तरी तो एके दिवशी गुपचूप निघाला. लाबानाने त्यास गाठले तेव्हा पुष्कळ रागे भरला. परंतु त्या रागातही त्याने एक गोष्ट मान्य केली की, तुला बापाच्या घराची फार उत्कंठा लागली होती. उत्पत्तीच्या एकतिसाव्या अध्यायात हे लिहिले आहे. लाबान काही मोठा दयाळू मनुष्य नव्हता. पण त्यालाही ही उत्कंठा समजली, आणि शास्त्राने तिला दोष लावला नाही. हाच याकोब पुढे मिसर देशात, पुत्राच्या वैभवात मरण पावला. तरी आपणांस पूर्वजांच्या कबरेत पुरावे, असे त्याने शपथेवर सांगून ठेवले होते. ज्यास वरच्या वतनाची आशा होती, त्यासच खालच्या वतनाची आठवणही होती. ह्या दोन गोष्टी एका हृदयात राहू शकतात.

आपल्या मराठी लोकांनी तर ही ओढ फार पूर्वी ओळखली आहे. सासरी गेलेल्या मुलीसाठी आपल्या भाषेत ‘माहेर’ हा शब्द आहे, आणि त्या एका शब्दात अंगण, आई, आड, चिंच व भावंडे ही सर्व येतात. जात्यावर बसून बायांनी माहेराच्या किती ओव्या गाइल्या, ह्याची गणती नाही. पण समाज केवळ ओव्या ऐकून थांबला नाही. पंचमी किंवा दिवाळी आली म्हणजे भाऊ मुराळी होऊन बहिणीस आणावयास जात असे, आणि सासरच्यांनी तिला पाठवावे, अशी रीत होती. ‘रडू नकोस’ असा उपदेश करण्यापेक्षा तिला नेण्यास कोणी पाठवणे, हे आपल्या वाडवडिलांस अधिक शहाणपणाचे वाटले. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

इतर देशांतही ह्याचा विचार झाला आहे. योहानेस होफर नावाच्या एका स्विस वैद्याने १६८८ साली बाझेल येथे एक प्रबंध लिहून ह्या व्याकुळतेस ‘नॉस्टाल्जिया’ असे नाव दिले. ‘परतणे’ व ‘वेदना’ ह्या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ते त्याने बनविले. त्याने एका विद्यार्थ्याची हकीकत दिली आहे. तो बेर्न शहराचा असून बाझेल येथे शिकत होता, आणि झुरून झुरून मरणोन्मुख झाला होता. औषधे चालेनात, तेव्हा त्यास घरी नेण्याचे ठरले. आणि नवल असे की, घर अजून दूर असताच, वाटेवरच, त्याची प्रकृती सुधारू लागली. ह्यावरून दिसते की, ज्याची वाट मोकळी आहे त्यास विरह सोसवतो. ज्याची वाट बंद आहे त्यास तो मारतो.

आता ह्या विषयाची कठीण बाजू पाहू. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांचे मूळ गाव असे होते की, तेथे त्यांस गावकुसाबाहेर राहावे लागे, पाटलाच्या वाड्यासमोर पायांतील जोडा हातात घ्यावा लागे, आणि आडाचे पाणी कोणी वरून ओतील तेव्हाच मिळे. अशा गावाची ओढ वाटावी काय? समजा, एखाद्या नातवाने विचारले, “आजी, ज्या गावानं तुला आडावर चढू दिलं नाही, त्या गावासाठी तू डोळ्यांतून पाणी काढतेस?” तर त्या म्हातारीने काय सांगावे? आम्हांस वाटते, ती म्हणेल, “लेकरा, आड त्यांचा होता, पाऊस काय त्यांचा होता व्हय?”

ह्या उत्तरात सर्व विवेक आहे. गावात दोन गोष्टी असतात. एक देवाने दिलेली: काळी माती, पहिल्या पावसाचा वास, कडुनिंबाची सावली, आईची बोली, जोंधळ्याच्या हुरड्याची चव. दुसरी मनुष्यांनी रचलेली: कोणी कोठे बसावे, कोणी कोणास शिवू नये, कोणाची हाक कोणत्या शब्दात यावी. पहिलीची ओढ वाटणे म्हणजे दुसरीस मान डोलावणे नव्हे. जो मनुष्य आपल्या अपमानाची जागा होती म्हणून गावाची मातीही टाकून देतो, तो अपमान करणाऱ्यांस त्यांच्या हक्काहून अधिक देतो. जणू ती मातीही त्यांचीच होती. परंतु जो ओढीच्या भरात गावाचे खोटे चित्र रंगवितो व मुलांस सांगतो की, तेथे सर्व गोडच होते, तोही अपराध करितो. मुलांस दोन्ही सांगावे. खऱ्या आठवणीत कडुनिंबाची सावलीही असते आणि पालाही असतो.

गावाने दार लावल्यावर काय होते, ह्याचे एक उदाहरण जालन्याच्या इतिहासाशी जोडलेले आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ह्या तरुण ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, जो अजून लहान मुलगा होता, तोही मिशनात त्यांच्याजवळ राहिला. पित्याने न्यायालयात दाद मागितली व न्यायालयाने मुलास पित्याच्या स्वाधीन केले. मुलगा घरी आला खरा, पण जातीने त्यास घरात येऊ द्यावे की नाही, ह्यावर मोठे वादळ उठले. ‘दर्पण’कर्ते बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी प्रायश्चित्त देऊन त्यास शुद्ध करून घ्यावे, म्हणून खटपट केली, तेव्हा सनातनी मंडळींनी त्यांच्याशीही वैर धरिले. त्या मुलाची दशा पाहा. बाप घेण्यास तयार होता, परंतु गाव तयार नव्हता. घराच्या चार भिंती उभ्या असूनही मनुष्य बेघर होऊ शकतो, हे ह्यावरून दिसते. धर्मांतराच्या वादात कोणाची बाजू खरी, हा प्रश्न येथे आम्ही काढीत नाही. एक लेकरू दोन उंबरठ्यांच्या मध्ये उभे राहिले, एवढेच सांगतो.

थोरले बंधू नारायण शेषाद्री ह्यांस परतीची वाट उरली नव्हती. पुढे ते जालन्यास आले. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग ह्यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ एक वस्ती वसविली. ज्यांस आपापल्या गावी पाठ टेकावयास मानाची जागा नव्हती अशी कुटुंबे तेथे आली. त्या वस्तीस त्यांनी ‘बेथेल’ हे नाव दिले. ह्या नावाचा अर्थ ‘देवाचे घर’ असा आहे. पण ते प्रथम कोणी व केव्हा उच्चारिले, हे पाहण्यासारखे आहे. तो हाच याकोब. घर सोडून पळताना, उशाला धोंडा घेऊन, उघड्यावर निजला असता त्यास देवाचे दर्शन झाले, आणि सकाळी उठून त्याने त्या अनोळखी जागेस बेथेल म्हटले. म्हणजे ज्या रात्री त्याचे घर सुटले होते, त्याच रात्री देवाचे घर त्यास सापडले. ज्याचे स्वतःचे घर सुटले होते त्याने दुसऱ्यांसाठी गाव वसवावे, ह्याहून ह्या ओढीचा चांगला उपयोग कोणता होईल?

आणि येथेच आमचे मुख्य म्हणणे येते. गावाची ओढ ही मनुष्यास केवळ मागे पाहण्यास दिलेली नाही. आपल्या शेजारी जो परका राहतो त्याचे मन कळावे म्हणून ती दिलेली आहे. ज्याने कधी गाव सोडला नाही त्यास हे कळण्यास वेळ लागेल. परंतु ज्याने सोडला, त्यास कळले नाही तर त्याची ओढ व्यर्थ गेली.

ह्या बाबतीत जालन्यावर एक ऋण आहे. २०२० साली महामारीमुळे देशभर टाळेबंदी झाली. कारखाने थांबले व प्रवासी गाड्या बंद पडल्या. जालन्याच्या एका लोखंडी कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशाच्या शहडोल व उमरिया जिल्ह्यांतील काही मजूर, भुसावळहून गावाकडे जाण्यास गाडी मिळेल ह्या आशेने, रेल्वेच्या रुळांवरून पायी निघाले. रात्रभर चालून थकल्यावर ते करमाडजवळ रुळांवरच टेकले व त्यांस झोप लागली. ८ मे रोजी पहाटे मालगाडी आली आणि सोळा जण मरण पावले. शिदोरीच्या पोळ्या रुळांवर विखुरलेल्या होत्या, हे पुष्कळांनी छायाचित्रांत पाहिले. त्या घटनेत दोष कोणाचा, हे ठरविणे आमचे काम नाही. मजुरी थांबली होती, भय होते, भूक होती, हे सर्व खरे. पण आणखी एक गोष्ट खरी आहे. संकटाच्या दिवशी मनुष्य जेथे आपणांस कोणी नावाने ओळखते तेथे जाऊ पाहतो. ज्या शहरात त्यांनी घाम गाळला त्यात त्यांस तसा उंबरठा सापडला असता, तर त्यांचे पाय त्या रात्री रुळांवर पडले असते काय? सासुरवाशिणीस नेण्यास भाऊ येतो. त्यांस नेण्यास मुराळी आला नाही, म्हणून ते स्वतःच निघाले.

तर आपण काय करावे? मोठ्या गोष्टी सरकार व कारखानदार ह्यांनी करावयाच्या आहेत. पण काही गोष्टी खेड्यातील लहान मंडळीसही साधण्यासारख्या आहेत. आपल्या वस्तीत खोली घेऊन राहणाऱ्या परप्रांतीय मजुराचे नाव व त्याच्या गावाचे नाव प्रत्येकाने विचारावे. ‘तुमच्याकडे पाऊस झाला काय?’ एवढे विचारले तरी त्याचा चेहरा उजळतो; कारण त्याच्या गावास ह्या गावात कोणी तरी जागा दिली. सणाच्या दिवशी त्यास ताटावर बोलवावे. त्याचे दुखले-खुपले तर दवाखान्यात त्याच्याबरोबर कोणी जावे. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांची मुले कोठे हंगामी वसतिगृहात, कोठे आजी-आजोबांजवळ मागे राहतात. त्या मुलांकडे गुरुजींनी व उपदेशकांनी रोज एक फेरी टाकावी, आणि आई-बापांशी त्यांचे फोनवर बोलणे होते की नाही ते पाहावे. झुरणाऱ्या मुलास शहाणा उपदेश फारसा लागत नाही. आईचा आवाज लागतो.

आणि जो स्वतः परमुलखात आहे त्याने काय करावे? बाबेलास नेलेल्या लोकांस यिर्मया संदेष्ट्याने पत्र पाठविले होते. त्याचे तात्पर्य असे की, तेथे घरे बांधा, मळे लावा, आणि ज्या नगरात तुम्हांस नेले त्याचे कल्याण इच्छा. परंतु यरुशलेम विसरा, असे त्याने त्या पत्रात कोठेही लिहिले नाही. उलट परतीचे वचन त्याच पत्रात आहे. म्हणून गाव आठवावे, सुट्टीत जावे, म्हाताऱ्यांस भेटावे, मुलांस तेथली बोली ऐकवावी. आणि ज्या गावात आज चूल पेटते त्याच्या शाळेची, पाण्याची, रस्त्याची काळजीही आपली मानावी. दोन गावांचे देणे एका मनुष्याने फेडणे कठीण आहे, पण अशक्य नाही. आपल्या लेकी सासर व माहेर ह्यांचे देणे पिढ्यान्‌पिढ्या फेडीत आल्या आहेत.

वरच्या वतनाची आशा धरणाऱ्याने खालच्या वतनासाठी झुरू नये, असे जे म्हणतात त्यांस एवढेच विचारावे: ज्याचे मन ह्या मातीतील एका अंगणासाठीही कधी हलले नाही, त्यास देवबापाचे घर म्हणजे काय, हे कशावरून कळावे? ज्या लेकराने घर पाहिले आहे त्यासच घराचे वचन गोड लागते. म्हणून बंधुभगिनींनो, आपली ओढ लपवू नका. आणि आज सायंकाळी आपल्या आळीत जो परगावचा मनुष्य एकटाच आपली चूल पेटवीत असेल, त्याच्या दारावरून जाताना क्षणभर थांबा व त्याच्या गावाचे नाव विचारा.